तुरिन ते खडगपूर, व्हाया कुर्ला



गेल्या वर्षीचा प्रसंग आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी बाप्पांची मूर्ती मागच्या सीटवर बसवून माझी पांढरी पद्मिनी मूर्तिकाराकडून निघाली आणि मंडपापासून जेमतेम पन्नास पावलांवर दोन आचके देऊन बंद पडली. ढोल थांबले. पोरांनी धक्का मारण्याचा गजर सुरू केला. तेवढ्यात आपले एक ज्येष्ठ सभासद धावत नळावर गेले, रुमाल भिजवून आणला आणि म्हणाले, "बॉनेट उघडा हो! फियाट आहे ना? पंपावर ओलं फडकं टाका, लगेच चालू होते की नाही बघा."

खरं कारण फारच लाजिरवाणं होतं. पेट्रोल संपलं होतं आणि काटा अर्ध्यावर अडकून बसला होता. एकाच्या मोटारसायकलमधून बाटलीभर पेट्रोल काढलं, बाप्पा मंडपात पोहोचले, आरती झाली आणि विषय हसण्यावारी गेला.

तो ओला रुमाल मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. या गाडीच्या बाबतीत त्या रुमालाचा आणि माझा जुना हिशेब आहे. यंदा संपादकांनी "तुमच्या गाडीच्या इतिहासावर काहीतरी लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा ठरवलं की लिहायचं तर सगळंच लिहायचं. मी डिप्लोमावाला माणूस, डिझेल शेडमध्ये उमेदवारी केलेला. ललित वगैरे मला जमत नाही. गोड मानून घ्यावे.

तुरिनचा तरुण अभियंता

पद्मिनीचं इंजिन मूळचं इटलीचं. तिथल्या तुरिन शहरातल्या फियाट कंपनीने १९३७ साली ‘बालिल्ला ५०८ सी’ नावाची मोटार बाजारात आणली. तिचं काम दान्ते जियाकोसा या अभियंत्याकडे होतं. त्यांचा जन्म १९०५ चा, म्हणजे त्या वेळी वय अवघं ३२. चार सिलिंडर एका ओळीत, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ सीसी. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणि ते ढकलायला पुशरॉड. शक्ती ३२ अश्वशक्ती.

हे आकडे मुद्दाम दिले, कारण ६८ बाय ७५ हे माप मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात विसावं शतक संपेपर्यंत टिकलं. मधल्या साठ-बासष्ट वर्षांत जग कुठल्या कुठे गेलं. महायुद्ध झालं, देश स्वतंत्र झाला, माणूस चंद्रावर जाऊन आला. कार्ब्युरेटर बदलले, शक्ती वाढत चाळीसच्या घरात गेली, पण सिलिंडरचं माप तेच राहिलं. इतकं आयुष्य लाभलेली इंजिनं जगात मोजकीच असतील.

१९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने याच इंजिनाची नवीन ‘११००’ आणली आणि तिची पावलं लवकरच आपल्याकडे वळली. त्यामागे एक सोलापूरकर होता.

सोलापूरचा रेल्वे ठेकेदार

वालचंद हिराचंद हे नाव आपल्याला उद्योगपती म्हणून ठाऊक आहे. पण आपण रेल्वेवाल्यांनी लक्षात ठेवावं असं की, हा माणूस मुळात रेल्वेचा ठेकेदार. १८८२ साली सोलापूरला जन्म. घरच्या व्यापारात मन रमेना, म्हणून रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याबरोबर भागीदारी केली आणि बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली. पुढे बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत मजल गेली. त्यानंतर जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी भारतात झाल्या पाहिजेत असा ध्यास त्यांनी घेतला. सिंदिया कंपनीची जहाजं, बंगळूरचा विमान कारखाना आणि १९४४ साली स्थापन झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही त्या ध्यासाची फळं. मोटार कारखान्याची कल्पना त्याआधी सर विश्वेश्वरय्या यांनी मांडली होती आणि वालचंदांनी ती उचलून धरली.

कुर्ल्याला आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, प्लिमथ अशा अगडबंब गाड्या जोडल्या जात. पण आपल्याकडच्या खिशाला आणि रस्त्याला हवी होती लहान गाडी. ती फियाटकडे मिळाली. १९५४ च्या सुमारास ‘११००’ कुर्ल्याला तयार होऊ लागली. वालचंद तोवर हयात नव्हते, १९५३ सालीच ते गेले. त्या पहिल्या गोलमटोल गाडीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव बहाल केलं. नावात प्रेमच होतं, हे त्या काळच्या मालकांना विचारा. मग १९६४ साली चौकोनी अंगाची ‘११०० डी’, म्हणजे डिलाइट, आली. इटलीत या डिलाइटला १२२१ सीसीचं मोठं इंजिन होतं, पण कुर्ल्याने जुनं १०८९ चंच ठेवलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी करार संपला, तेव्हा गाडीचं नाव आधी ‘प्रेसिडेंट’ झालं आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. नाव बदललं तरी लोक शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले.

तो परवाना आणि प्रतीक्षायादीचा जमाना. पैसे भरून गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबायचं. मग १४ डिसेंबर १९८३ ला मारुतीच्या पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली आणि दहा वर्षांत चित्र पालटलं. पद्मिनी तग धरून राहिली ती मुख्यतः मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांमुळे. २००० च्या आसपास उत्पादन थांबलं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. त्या दिवशी बातमी वाचून मी खाली जाऊन उगाचच गाडी पुसून आलो.

अँबेसेडरच्या मुलखात

आमची गाडी १९८४ ची. बाबा नागपूरला शाळेत शिक्षक. १९९२ साली त्यांनी ती वापरलेली घेतली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची एक वही असायची. प्रत्येक वेळी टाकलेलं पेट्रोल, किलोमीटर, बदललेला प्लग, पंक्चर, सगळं तारीखवार आणि मोत्यासारख्या अक्षरात. निळ्या शाईने नेहमीचं, लाल शाईने दुरुस्तीचं. मास्तरांची सवय.

२००३ साली मी दक्षिण पूर्व रेल्वेत ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलो आणि खडगपूरला आलो. मूळच्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या नावातच माझं गाव होतं, त्यामुळे परकं वाटलं नाही. पण रस्त्यावर पाहिलं तर जिकडे तिकडे अँबेसेडर. साहजिकच होतं. हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना हावड्याजवळ उत्तरपाड्याला. २०१४ पर्यंत अँबेसेडर तिथेच बनत होती. इथल्या मिस्त्रीला तिचं १४८९ सीसीचं इंजिन डोळे मिटून खोलता येई, पण फियाट म्हटलं की तो मान हलवायचा. मुंबईत अगदी उलट. थोडक्यात, फियाट ही इथे आपल्यासारखीच बाहेरून आलेली, भाषेची अडचण असलेली.

दोनच प्रश्न

आता थोडं इंजिनाविषयी, म्हणजे पुढची हकीकत समजेल.

पेट्रोल इंजिन चालू असताना अचानक बंद पडलं तर पहिल्यांदा दोनच प्रश्न विचारायचे. पेट्रोल पोहोचतंय का? आणि ठिणगी पडतेय का? मिस्त्रीच्या भाषेत, तेल आणि करंट. बाकी बोअर, रिंग, व्हॉल्व्ह, टायमिंग हे सगळं नंतर. रिंगा झिजल्या तर गाडी धूर ओकते, ऑइल पिते, चढावर दम टाकते. पण हळूहळू, महिनोनमहिने. चालता चालता एकदम बंद पडणं आणि अर्ध्या तासाने शहाण्यासारखं चालू होणं, हे रिंगांचं लक्षण नव्हे.

पेट्रोलची बाजू अशी. टाकी मागे, इंजिन पुढे. मधे इंजिनालाच जोडलेला पंप, ज्याला मिस्त्री एसी पंप म्हणतात. कॅमशाफ्टच्या धक्क्याने त्यातला रबरी पडदा वरखाली होतो आणि पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देतो. पंप इंजिनाला चिकटलेला, म्हणजे तापणार. ओढण्याच्या बाजूला दाब कमी, म्हणजे पेट्रोल लवकर उकळणार. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती वाफच ढकलत बसतो. याला व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओलं फडकं टाकलं की पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, पंप गार होतो, गाडी चालू. ओल्या फडक्याच्या युक्तीमागे असं पक्कं शास्त्र आहे. ज्येष्ठ सभासदांनी गैरसमज करून घेऊ नये.

ठिणगीची बाजू अशी. बारा व्होल्टची बॅटरी ठिणगी पाडू शकत नाही, त्याला हजारो व्होल्ट लागतात. १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅक गाड्यांसाठी यावर जी तोड काढली तीच पद्मिनीत शेवटपर्यंत होती. इग्निशन कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेची थोड्या वेढ्यांची, दुसरी केसासारख्या तारेची हजारो वेढ्यांची. पहिलीतून बॅटरीचा प्रवाह जातो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो आणि त्या झटक्याने दुसऱ्या गुंडाळीत पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरना मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या! पॉइंटमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, शेजारी एक चिमुकला कंडेन्सर. या सगळ्यात कॉइल हा दिसायला सर्वांत गरीब भाग. डबीसारखा, न हलणारा. त्यामुळे त्याच्याकडे संशयाने कुणी पाहतच नाही.

मीही पाहिलं नाही. त्यालाही एक कारण आहे, सबब म्हणून सांगत नाही. मी वाढलो डब्ल्यूडीएम-२ च्या सोळा सिलिंडरच्या इंजिनांवर, २६०० अश्वशक्तीची. त्याचा एकच सिलिंडर जवळजवळ अकरा लिटरचा, म्हणजे पद्मिनीची दहा इंजिनं त्या एकात मावतील. आणि डिझेलमध्ये ठिणगी नसतेच. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटतं. तिथे इंजिन बसलं की आम्ही इंधन बघतो, दाब बघतो. करंटचा प्रश्न इंजिन पेटवण्याच्या बाबतीत मनातच येत नाही. ज्याला जे शिकवलेलं, त्याला तोच रोग दिसतो.

चि. च्या सल्ल्याने

२०१० च्या उन्हाळ्यात बाबांची गाडी रस्त्यात बंद पडू लागली. तासभर चालली की आचके, मग शांत. बाबा पंपावर ओलं फडकं टाकत, वीस-पंचवीस मिनिटं थांबत, गाडी चालू होई. सगळेच म्हणाले, व्हेपर लॉक. पावसाळा आला तरी रोग कायम. तेव्हा बाबा एका गॅरेजात गेले. तिथे सांगितलं गेलं की रिंगा गेल्यात, इंजिन तापून आवळतंय, खोलावं लागेल. बाबांनी मला फोन केला.

मी खडगपूरहून, गाडी न पाहता, तीन प्रश्न विचारले. धूर येतो का? थोडा. ऑइल लागतं का? थोडं. गाडीला किती वर्षं झाली? सव्वीस. मी इंजिनियरच्या थाटात म्हणालो, "मग बाबा, उघडाच. एकदा काय ते होऊन जाऊ दे."

चौथा प्रश्न मी विचारला नाही. "बंद पडते त्या क्षणी करंट असतो का?" फोनवर एका वाक्याचं काम होतं.

बोअर झालं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंग. गाडी ओढायला छान झाली आणि महिन्याभराने, लांबच्या पहिल्याच फेरीत, पूर्वीसारखीच बंद पडली. गॅरेजवाला म्हणाला, नवीन इंजिन आहे, घट्ट आहे, सुटेल. मीही फोनवर तेच म्हणालो.

२०११ च्या एप्रिलमध्ये आई गेली. बाबांना एकट्याने नागपूरला ठेवणं शक्य नव्हतं. खूप समजावलं, पण ते ऐकेनात. शेवटी म्हणाले, "गाडी येणार असेल तर मी येतो." गाडीला तिथे भंगारवाला अकरा हजार देत होता. आणि रस्ता होता जवळजवळ हजार किलोमीटरचा, जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६. डिसेंबरमध्ये आम्ही दोघे निघालो.

महामार्ग क्रमांक ६

देवरीच्या पुढे घाटात गाडी पहिल्यांदा बंद पडली. मी सराईतपणे बॉनेट उघडलं, पंपावर ओलं फडकं टाकलं. बाबा स्वेटर, मफलर, कानटोपी अशा थाटात बाहेर आले, थर्मासमधला चहा ओतला आणि म्हणाले, "काहून रे, एवढ्या थंडीत पेट्रोलची वाफ कशी होते?"

मी म्हणालो, "बाबा, ती उन्हाने नाही, इंजिनाच्या उष्णतेने होते."

पंचवीस मिनिटांनी गाडी चालू झाली. मी विजयी मुद्रेने पाहिलं. बाबा म्हणाले, "चालू झाली हे खरं. पण फडक्याने झाली हे कसं ठरवलंस? पुढच्या वेळी फडकं नको टाकू. नुसतं थांबून बघू."

शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. मी मनातून चिडलो, पण राजनांदगावच्या अलीकडे गाडी पुन्हा बसली तेव्हा हात मागे बांधून उभा राहिलो. पंचवीस मिनिटं. किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात चालू.

रस्त्यावर उभं राहून माझ्या कानशिलात बसावी तसं झालं. म्हणजे दीड वर्षभर फडक्याने काही केलंच नव्हतं. फडकं टाकून आम्ही जी वीस-पंचवीस मिनिटं थांबत होतो, ती थांबण्याची मिनिटं गाडी बरी करत होती. औषध लागू पडलं म्हणून आम्ही रोगाचं नाव पक्कं केलं, आणि ते औषध नुसतं पाणी होतं.

त्या रात्री रायपूरला लॉजवर मुक्काम केला. बाबा झोपल्यावर मी कप्प्यातली वही काढून चाळत बसलो, कधीपासून काय होतंय ते बघायला. शेडमध्ये लॉगबुक वाचतात तसं. २०१० च्या ऑगस्टमध्ये लाल शाईत नोंद होती : "इंजिन उघडले. बोअर, पिस्टन, रिंग, मजुरी. रु. २२,४००. चि. च्या सल्ल्याने." आणि खाली निळ्या शाईत, लहान अक्षरात : "पोस्टातील ठेव मोडली."

ठेवीचं मला कधीच सांगितलं नव्हतं. आईच्या आजारपणाच्या दिवसांतली ती ठेव. मी वही मिटवली. झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सरायपालीच्या अलीकडे गाडी तिसऱ्यांदा बसली. या वेळी एक क्षणही घालवला नाही, कारण रोगी गार व्हायच्या आत तपासायचा होता. आधी ठिणगी, पेट्रोलची नळी जागेवर असताना, म्हणजे आगीची भीती नको. डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर उपसली, सुक्या लाकडाच्या चिमट्यात धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून अर्ध्या सेंटिमीटरवर आणलं. बाबांनी आतून किल्ली फिरवली. निळी, टणक, टकटक आवाजाची ठिणगी दिसायला हवी होती. दिसली एक मरतुकडी पिवळी, मग तीही नाही. वायर लावून टाकली, इग्निशनची वायर सोडवली आणि कार्ब्युरेटरची नळी बाटलीत धरली. पेट्रोल भसाभसा आलं. दीड वर्ष ज्याच्यावर संशय, तो पंप निर्दोष सुटला.

मग पॉइंट पाहिले, स्वच्छ होते. बाबांच्या डिकीतल्या डब्यात जादा कंडेन्सर होता, तो बदलून पाहिला. ठिणगी नाहीच. शेवटी कॉइलला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसत होता. आतल्या केसासारख्या तारेला कुठेतरी बारीक चीर असणार, किंवा तिच्यावरचं आवरण गेलेलं असणार. गार असताना काम भागतं, तापलं की तार फाकते किंवा वीज आतल्या आत गळते. बाहेरून काही दिसत नाही.

बाबांनी न सांगता फडकं भिजवून माझ्या हातात दिलं. ते मी पंपावर न टाकता कॉइलच्या अंगाभोवती गुंडाळलं, तिच्या तोंडावर पाणी जाऊ न देता. पाच-सात मिनिटांत निळी ठिणगी. तेच फडकं, पण आता योग्य कपाळावर!

दर तासाला फडकं भिजवत संबळपूर गाठलं. सुट्या भागांच्या दुकानात फियाटची कॉइल मागितली तर दुकानदार म्हणाला, इथे फक्त अँबेसेडरची. मी क्षणभर विचार केला. दोन्ही गाड्या बारा व्होल्टच्या, दोन्हीत पॉइंट, दोन्हीत केटरिंगसाहेबांचीच पद्धत. तीनशे ऐंशी रुपये देऊन अँबेसेडरची कॉइल घेतली, पट्टीत बसवली, दोन वायरी जोडल्या. अशा रीतीने कुर्ल्याच्या गाडीला अँबेसेडरचं काळीज लागलं, आणि तिथून देवगड, केंदुझर, बहरागोडा करत खडगपूरपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही.

संबळपूरहून निघताना मी कसंबसं म्हणालो, "बाबा, ते बावीस हजार..."

बाबा काचेबाहेर बघत होते. म्हणाले, "इंजिन ओढतं छान आता. चढ लागला तर टॉपला सुद्धा जाते." विषय संपला.

घरी आल्यावर वहीत पाहिलं. लाल शाईत : "संबळपूर. कॉइल बदलली. रु. ३८०. चि. ने दोष शोधला." खरं तर दोष त्यांनी शोधला होता, चहाचा कप हातात धरून. पण वहीत तसं लिहिलेलं नाही.

आज

बाबा २०१९ साली गेले. वही माझ्याकडे आहे, नोंदी आता मी करतो, अक्षर मात्र तसं नाही.

जुनी गाडी सांभाळणाऱ्यांसाठी काळ बदलतोच आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखं जपत असे. ते गेल्यावर जुन्या इंजिनांची टॅपेट जरा जास्त वेळा तपासावी लागतात. गंमत म्हणजे पेट्रोलमध्ये शिसं घालण्याचा शोधही केटरिंग यांच्याच प्रयोगशाळेतला, १९२१ चा. आता २०२५ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. ते पाणी शोषतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. मी पंपाचा पडदा आणि नळ्या बदलल्या आहेत आणि महिनोनमहिने टाकीत पेट्रोल ठेवून गाडी उभी करत नाही.

आमच्या खात्यातही डिझेलचे दिवस सरत आले. जवळजवळ सगळा ब्रॉडगेज विजेवर गेला आहे आणि माझ्यासारखे डिझेलवाले पुन्हा विद्यार्थी झाले आहेत. ज्या करंटचा प्रश्न मला सुचला नव्हता, तोच आता दिवसभर पुढ्यात असतो! संबळपूरची ती मेलेली कॉइल मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. एखादा नवा मुलगा येऊन म्हणतो, "साहेब, अमुक भाग बदलला, इंजिन चालू झालं." मी कॉइल काढून टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "न बदलता नुसतं थांबला असतास तर?" बहुतेक वेळा तो परत जाऊन तपासतो. कधी कधी भाग खरोखरच खराब निघतो, आणि मग मी चहा पाजतो.

यंदाही बाप्पा पद्मिनीतूनच येणार आहेत. पेट्रोलचा काटा दुरुस्त केला आहे, आणि तरीही निघण्यापूर्वी टाकीत काठी घालून बघणार आहे. ओला रुमाल घेऊन धावणाऱ्या ज्येष्ठांना मानाने पुढच्या सीटवर बसवायचं ठरवलं आहे. डिकीत बाबांचा डबा आहे. त्यात पॉइंट, कंडेन्सर, एक जादा कॉइल आणि एक कोरडं फडकं.

गणपती बाप्पा मोरया!